आपलं जहाज : शेठ वालचंद हिराचंद

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, दहावीपर्यंत मराठी फक्त एका पेपरपुरतं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर पोटात गोळा आला. शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं, मजकुराची जबाबदारी माझी!

मी सोलापूरची. आमच्या गावात वालचंद म्हणजे कॉलेज. रिक्षावाल्याला वालचंद म्हटलं की तो कॉलेजला नेऊन सोडतो. सांगलीच्या मित्रांसाठीही वालचंद म्हणजे कॉलेजच. हा माणूस कोण, त्याने काय केलं, हे मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आणि ते कळलं कुठे, तर भोसरीच्या एका शेडमध्ये.

सेकंड इयरनंतर सुट्टीत मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये ट्रेनिंगला जात होते. पंप आणि व्हॉल्व्हचे पार्ट मशीनिंग करून ते युरोपात पाठवायचे. मला मशीन शॉप हवं होतं, पण बसवलं डिस्पॅचला. तिथले काका वीस वर्षं हेच काम करत होते. त्यांच्याकडून पहिल्यांदा कळलं की लाकडी खोका खिळे ठोकून बंद झाला म्हणजे काम संपलं असं नसतं. चाकणचा माल असो की भोसरीचा, तो तळेगावमार्गे एक्स्प्रेस वेला लागतो, घाट उतरतो आणि न्हावा शेवाला पोचतो. तिथे बोटीची कटऑफ वेळ असते. ती चुकली, किंवा बोटीत जागाच उरली नाही, की कंटेनर पुढच्या बोटीवर. २०२१ साली कंटेनरची टंचाई झाली तेव्हा भाडं इतकं चढलं की एका शिपमेंटवर कंपनीचा सगळा नफा भाड्यातच गेला, आणि दोन महिने शॉपमधल्या लोकांचा ओव्हरटाइम बंद झाला. पार्टमध्ये खोट नव्हती, मायक्रॉनचासुद्धा फरक नव्हता. पण बोट दुसऱ्याची, म्हणून भाडंही दुसऱ्याने ठरवलेलं.

बोलता बोलता काका म्हणाले की ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी तुमच्याच गावच्या एका माणसाला समजली होती. मी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. मग लायब्ररीत जाऊन वाचायला लागले. त्या वाचनातून हा लेख झाला.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घर दिगंबर जैन, मूळ गुजरातचं, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. शाळा सोलापुरात, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण डिग्री काही हातात पडली नाही. (बॅकलॉगवाल्यांनी एवढंच वाक्य वाचून लेख मिटू नये, ही विनंती.) घरच्या पेढीत त्यांचं मन रमेना. व्याजावर बसून खाण्यापेक्षा काहीतरी उभं करावं, हा किडा डोक्यात होता. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ पूर्वी कारकून होते आणि कंत्राटं घेऊ पाहत होते. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंदांकडे भांडवल उभं करण्याची ताकद. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांच्या कामापासून सुरुवात केली. ही अडीच फुटी नॅरोगेज. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती अजून आठवते.

पुढे कामं मोठी होत गेली. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी म्हणजेच एचसीसी स्थापन केली. तिचं अगदी सुरुवातीचं काम भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांचं होतं. चिंचवडहून सिंहगड पकडून मुंबईला जाताना खंडाळ्यानंतर मोबाइलची रेंज जाते आणि आपण वैतागतो. त्या अंधारात या सोलापूरकराचाही घाम आहे, हे मला आता आठवतं.

पण आपला विषय बोटीचा. त्यासाठी थोडं मागे, १९१९ मध्ये जाऊ.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वालचंद दिल्लीहून मुंबईला आगगाडीने येत होते. असं सांगतात की डब्यात त्यांना एक इंग्रज गृहस्थ भेटले, आणि त्यांच्या बोलण्यातून कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक बोट विकायला निघाली आहे. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? खिडकीबाहेर बघितलं असतं. वालचंदांनी मुंबईत उतरल्यावर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना सोबत घेतलं आणि बोट विकत घेतली. २७ मार्च १९१९ ला कंपनीही निघाली. बोट शिंदे महाराजांची, म्हणून नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी.

या बोटीची कुंडलीही मजेशीर आहे. १८९१ साली ती इंग्लंडमध्ये बांधली गेली, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी. तेव्हाचं नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेतली, युद्धातल्या जखमींसाठी तरंगतं हॉस्पिटल बनवली आणि नाव ठेवलं लॉयल्टी, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याविषयीची निष्ठा. आणि हीच लॉयल्टी ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली ती ब्रिटिश जहाज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला! पहिल्या सफरीत वालचंद स्वतः बोटीवर होते. १९६४ पासून आपल्या देशात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात, तो याच सफरीच्या आठवणीत.

आता इथे कोणी विचारेल की बोट घेतली, माल भरला, निघाले, यात एवढं काय? हाच प्रश्न मी काकांना विचारला होता. हे समजून घेतल्याशिवाय वालचंद समजत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या काळी हिंदुस्थानचा समुद्री व्यापार मुख्यतः पी अँड ओ आणि बीआय, म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, या कंपन्यांच्या हातात होता. १९१४ मध्ये त्या दोन्ही एकत्र आल्या आणि सूत्रं लॉर्ड इंचकेप यांच्याकडे गेली. जहाज कंपन्या आपापसात संगनमत करून भाडं ठरवायच्या. शिवाय त्यांच्याकडे एक भन्नाट युक्ती होती, ती म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट. समजा तुम्ही व्यापारी आहात आणि १०० रुपये भाडं भरलंत. कंपनी सांगणार की यातले दहा रुपये परत देऊ, पण लगेच नाही, काही महिन्यांनी, आणि तोवर तुमचा सगळा माल आमच्याच गटाच्या बोटींतून गेला असेल तरच. मध्ये एकदा जरी दुसऱ्या बोटीतून एक गोणी पाठवलीत तरी साठलेली सगळी सूट बुडाली. म्हणजे नवीन कंपनीने कितीही स्वस्त भाडं सांगितलं तरी व्यापारी तिच्याकडे फिरकायला घाबरणार. बेड्या नाहीत, पोलीस नाही, फक्त हिशेबाची वही. कलकत्त्याच्या व्यापारात हा प्रकार १८७० च्या दशकापासून चालू होता.

आणि एवढं करूनही कोणी उतरलाच, तर मग दरयुद्ध. मोठी कंपनी भाडं इतकं खाली आणायची की नवा खेळाडू रक्तबंबाळ व्हायचा, आणि तो बुडाला की भाडं पुन्हा वर. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानी कंपनीच्या साथीने चीन-जपानच्या मार्गावर स्वतःची लाइन काढली होती. ती अशीच बंद पाडली गेली. तुतिकोरीनच्या चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली. तिच्यावर बीआयने दरयुद्ध लादलं, चिदंबरम यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात टाकलं गेलं आणि कंपनी संपली. वालचंदांना हा इतिहास माहीत होता. तरी ते उतरले.

आणि सुरुवातीला हरलेसुद्धा! लॉयल्टी तेव्हा २८ वर्षांची म्हातारी बोट होती. परदेशी व्यापारात तिचा निभाव लागला नाही आणि १९२३ मध्ये ती मुंबईत मोडीत निघाली. तोवर सिंदियाने दुसऱ्या मालवाहू बोटी घेऊन ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर धंदा सुरू केला होता. रंगूनहून तांदूळ आणणं हा त्यातला मोठा भाग. मग ठरल्याप्रमाणे बीआयने तांदळाचं भाडं धडाधड खाली आणलं. लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याची तयारीही दाखवली. भागधारकांचे पैसे वाचले असते, वालचंदही मोकळे झाले असते. पण कंपनी विकली नाही.

१९२३ मध्ये मात्र करार करावा लागला. मुदत दहा वर्षांची. सिंदियाने फक्त किनाऱ्यावर, ब्रह्मदेशापर्यंत आणि सिलोनपर्यंत माल न्यायचा. प्रवासी घ्यायचे नाहीत. परदेशी समुद्रात जायचं नाही. एकूण जहाजं ७५,००० टनांच्या वर न्यायची नाहीत. जी कंपनी लंडनला बोट नेऊन जन्माला आली, तिने लंडनला जाणार नाही असं लिहून दिलं! याच काळात, १९२२-२३ मध्ये, हिंदुस्थान सरकारच्या खर्चात कपात सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण होते माहितीये? तेच लॉर्ड इंचकेप. म्हणजे बॅट त्यांची, बॉल त्यांचा आणि अंपायरसुद्धा त्यांचाच.

हा करार वाचला तेव्हा मला खरं तर राग आला. मला वाटलं, इतकं भांडलात आणि शेवटी सही केलीत? हॉस्टेलवर रूममेटशी यावरून वादही झाला. ती म्हणत होती की ही सरळ शरणागती आहे. मी दोन दिवस विचार केला. टाटांची लाइन गेली, चिदंबरमची कंपनी गेली, कारण त्यांना श्वास घ्यायला जागाच मिळाली नाही. सिंदियाला दहा वर्षं मिळाली, लहान अंगणात का होईना. त्या दहा वर्षांत खलाशी तयार झाले, हिशेब समजला, व्यापाऱ्यांचा विश्वास बसला. १९२७ मध्ये मुंबईत डफरिन हे ट्रेनिंग जहाज सुरू झालं आणि हिंदी मुलांना जहाजावरचे अधिकारी होण्याची वाट मिळाली. १९२८ मध्ये सिंदियाचेच एक अधिकारी सारा‌भाई हाजी यांनी किनाऱ्यावरचा व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवावा म्हणून कायदेमंडळात विधेयक आणलं. ते पास झालं नाही, पण प्रश्न देशभर गेला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचं निधन झालं आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आलं. ते त्यांनी १९५० पर्यंत सांभाळलं. माझं मत असं झालं की त्या सहीने त्यांनी अपमान गिळला आणि कंपनी वाचवली. रूममेटला अजून पटलेलं नाही. तुम्हीच ठरवा.

बोट चालवता चालवता वालचंदांना पुढची पायरी दिसली. बोट विकत आणायची तर तीही परदेशातूनच. मग ती इथे का बांधू नये? त्यांना कलकत्त्याला जहाज कारखाना हवा होता, पण तिथे जागेचं जुळलं नाही. शेवटी विशाखापट्टणम ठरलं. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं. तरी १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते ८००० टनांची जलउषा पाण्यात उतरली. स्वतंत्र भारतात बांधलेलं ते पहिलं मोठं आगजहाज.

विमानाची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी भेट झाली. (या माणसाचे सहप्रवासी नेहमी कामाचेच कसे निघायचे, देव जाणे. मला तर सिंहगडमध्ये चौथ्या सीटसाठी भांडणारेच भेटतात.) विमान कारखान्याची कल्पना तिथे ठरली. ब्रिटिश सरकार ताटकळत ठेवत होतं, तेव्हा म्हैसूर संस्थानाने, दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या काळात, जमीन दिली आणि भांडवलात भागही घेतला. एवढं मोठं साम्राज्य टोलवत होतं आणि एका संस्थानाने धंद्याला दार उघडलं. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. दुसऱ्याच वर्षी तिथून विमान उडालं. १९४२ मध्ये युद्धाचं कारण देऊन सरकारने ती ताब्यात घेतली. आज आपण जिला एचएएल म्हणतो ती हीच. प्लेसमेंटच्या यादीत हे नाव बघून आपण अर्ज करतो!

मोटारीचंही तसंच. युद्धाच्या काळात सरकारला मोटार कारखाना गरजेचा वाटत नव्हता. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे तिथेच फियाट आणि पद्मिनी बनल्या, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. या प्रीमियरचा एक कारखाना आपल्या चिंचवडलाही होता. आता ना ती गाडी राहिली, ना तो कारखाना.

साखर, गोळ्या, अवजड यंत्रं हे वेगळंच. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव. पान पसंद ही गोळी खाल्ली आहे ना? ती रावळगावची. २०२४ मध्ये हे गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सने विकत घेतले. आणि ओसाड माळावर ऊस लावून उभ्या केलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे इस्रोच्या रॉकेटचे भाग बनले.

वालचंदांना देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. सरकारशी भांडायचं आणि सरकारकडूनच कंत्राटं आणि संरक्षण मागायचं, ही टीका त्यांच्यावर होते आणि ती अगदीच खोटी नाही. परदेशी स्पर्धा दाराबाहेर ठेवून वाढलेल्या मोटार उद्योगाने पुढे गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं गाडीसाठी थांबायला लावलं, हेही खरं. मागच्या पिढीतल्या कोणालाही विचारा.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. १९५२ मध्ये विशाखापट्टणमचा कारखानाही सरकारकडे गेला आणि हिंदुस्थान शिपयार्ड झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. लॉयल्टी निघाली त्या तारखेनंतर बरोबर तीन दिवस आणि चौतीस वर्षं. पण तोवर देशाच्या किनाऱ्यावरच्या वाहतुकीत सिंदियाने आपली जागा पक्की केली होती आणि तिच्या बोटी परदेशीही जाऊ लागल्या होत्या. रावेतच्या इस्कॉन मंदिरात जाणाऱ्यांना एक गोष्ट सांगते. इस्कॉनचे संस्थापक १९६५ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला गेले ते जलदूत या मालवाहू बोटीने. ती सिंदियाचीच.

मग हे सगळं आज आपल्याला कशाला? कारण सिंदिया १९८० च्या दशकात कर्जात बुडत गेली आणि आज तिच्या बोटी समुद्रात नाहीत. १९८७-८८ मध्ये भारताच्या परदेशी व्यापारातला सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात होता. आता तो आकडा दहा टक्क्यांच्याही आत आहे. चाकणच्या फोक्सवॅगनमधून मेक्सिकोला गाड्या गेल्या. तळेगावच्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये देशातली विक्री थांबवून २०२० पर्यंत फक्त निर्यातीसाठी गाड्या बनवल्या. आपला हा सगळा पट्टा बोटीच्या वेळापत्रकावर श्वास घेतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, आणि त्याचा हिशेब भोसरीच्या शेडमध्ये करावा लागला.

आपण इंजिनिअर मंडळी टॉलरन्स, सायकल टाइम, सीएनसी प्रोग्राम यांतच अडकतो. काकांनी मला एफओबी आणि सीआयएफमधला फरक शिकवला, तो आमच्या कुठल्याही पेपरला नव्हता. एफओबी म्हणजे बोटीवर माल चढेपर्यंतचा खर्च आपला, पुढचं भाडं आणि विमा गिऱ्हाइकाचा. सीआयएफ म्हणजे त्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा आपल्या किमतीत. छोटी युनिटं बहुतेक एफओबीवर खूश असतात, कारण डोक्याला ताप नाही. पण मग बोट कोणती हे गिऱ्हाईक ठरवणार. युरोपातल्या एका गिऱ्हाइकाने सीआयएफच हवं म्हणून अडून धरलं होतं, आणि नेमका २०२१ मध्ये त्याच करारात काकांच्या युनिटचा नफा बुडाला. दोन्हीकडे बोट परक्याचीच. हे कोडं वालचंदांनी सोडवायला घेतलं होतं. ते अर्धंच सुटलं आहे.

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी शेवटचा खोका मी स्वतः ठोकला. कंटेनरला सील लागलं आणि ट्रेलर गेटबाहेर पडला. तो घाटाकडे वळेपर्यंत काका फाटकात उभे होते. बोट मिळाली का ते त्यांना तीन दिवसांनी कळणार होतं.

येत्या ५ एप्रिलला आपल्या कॅन्टीनजवळच्या नोटीस बोर्डवर लॉयल्टीचा एक फोटो लावायचं मी आणि माझ्या रूममेटने ठरवलं आहे. खाली फक्त तारीख लिहिणार आहोत. कोणी थांबून विचारलं, तर सांगायला आम्ही दोघी आहोतच. मात्र त्या कराराबद्दल दोघींची उत्तरं वेगवेगळी मिळतील!